शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी धावायची थांबली. आमच्या अंगणात मात्र वडिलांची पद्मिनी अजून उभी आहे. गेल्या महिन्यात तिचे मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मी घरीच बदलले. पुढच्या चाकांना दगड लावले, नटांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. पहिला शॉकअप सुटला तसे शेजारचे काका ओरडले, "अरे, गाडी खाली बसेल!" गाडी सूतभरही हलली नाही.

हा गैरसमज फार जणांचा असतो. मागचं वजन पेलतात ते कमानीसारखे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्याचा धक्काही तेच झेलतात. पण झेललेली ऊर्जा ते परत देतात, आणि गाडी झोके खात राहते. पाटे एकमेकांवर घासल्यामुळे ते झोके थोडे कमी होतात, पण तेवढ्याने भागत नाही. झोका थांबवण्याचं काम शॉकअपचं.

ते कसं, हे समजायला नवा शॉकअप हातात घ्यावा. जमिनीवर उभा धरून दांडा सावकाश दाबला तर मुकाट्याने आत जातो. एकदम दाबायला गेलं की अडून बसतो. रंगपंचमीची पिचकारी आठवा: हळू दाबली तर पाणी सहज येतं, जोरात दाबली की तळहाताला रेटा बसतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं. दट्ट्या हलायचा तर तेल त्या भोकांतून पलीकडे जायला हवं. साध्या भोकातून द्रव दुप्पट वेगाने ढकलायचा तर जोर जवळपास चौपट लागतो. म्हणून मोठ्या खड्ड्यात शॉकअप पहारीसारखा ताठ होऊ नये यासाठी भोकांवर स्प्रिंगने दाबलेल्या पातळ चकत्या असतात. दाब वाढला की त्या उचलल्या जातात आणि तेलाला जास्त वाट मिळते. चाक वर येताना विरोध कमी आणि खाली परतताना जास्त, अशी त्यांची मांडणी असते. कारण पाट्यांनी साठवलेली ऊर्जा परतीच्या वेळीच आवरायची असते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. दांडा आत शिरतो तेव्हा तो स्वतःही जागा घेतो. 12 मिलिमीटर जाडीचा दांडा 10 सेंटिमीटर आत गेला तर सुमारे 11 घनसेंटिमीटर, म्हणजे दोन छोटे चमचे तेल बेघर होतं. तेल दाबून लहान होत नाही. मग ते जाणार कुठे? त्यासाठी बाहेर दुसरी नळी असते, वरच्या भागात हवा ठेवलेली, आणि तळाच्या झडपेतून तेल तिच्यात ये-जा करतं. दुकानात आडवा पडलेल्या शॉकअपमध्ये ही हवा आतल्या नळीत शिरते. म्हणून बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण खेचायचा आणि दाबायचा. आमच्या एका नव्या शॉकअपला आधी मधेच बोटभर पोकळ चाल होती, चौथ्या खेपेला ती गेली.

आमच्या रस्त्यावरच्या एका वळणावर गाड्या घसरतात. लोक म्हणतात जागा वाईट आहे, आणि तिथे नारळ फोडतात. त्या वळणावर डांबराला लागोपाठ उंचवटे आहेत. शॉकअप मेलेला असेल तर चाक अशा जागी सेकंदाला दहा-बारा वेळा उडू शकतं, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. नारळाचे पैसे शॉकअपला लावा, जीव वाचतील.

झोका थांबतो तेव्हा त्याची ऊर्जा जाते शॉकअपच्या तेलात, उष्णता होऊन. जुने काढण्याआधी खराब रस्त्यावर चक्कर मारून दोन्हींना हात लावला होता: डावा कोमट, तेल गळालेला उजवा थंडगार. नवे बसवल्यावर त्याच रस्त्याने परत आलो आणि काकांनाच हात लावायला सांगितला. दोन्ही सारखेच गरम होते.