पिकअप मागून बसते, तेव्हा पुढे काय होतं?

संत्र्याचे कॅरेट खच्चून भरलेली, मागून बसलेली आणि तोंड वर केलेली पिकअप वरुड-मोर्शीकडच्या रस्त्यांवर कुणाला नवी नाही. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचीही तीच गत होते, पण तिच्या डाल्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, मात्र काहीच नसतं. मागे पाण्याचा टँकर असेल, मंडपवाल्याचा जनरेटर असेल, नाहीतर ताडोबाच्या एखाद्या गेटाजवळ नेऊन लावायचा, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर असेल. ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर उभा आहे, मग पिकअप का बसावी? गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: "गाडी मांगून बसून राह्यली तर एक पाटा वाढवून टाका ना भाऊ." पाटा म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांपैकी एक. उत्तर अगदीच चूक नाही. पण त्याने मागचं बसणं कमी होतं, पुढे जे बिघडलंय ते तसंच राहतं. आणि जास्त धोका पुढेच आहे.

बैलबंडी भरणाऱ्याला यातलं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक असतं. कापसाची गाठोडी आखाच्या मागे जास्त गेली की बंडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढलं जातं. पुढे जास्त आली तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर. जाणता गडी भार आखाच्या किंचित पुढे ठेवतो. एकाच एक्सलचा ट्रेलर म्हणजे हीच बंडी, बैलांच्या जागी पिकअपचा हुक.

या हुकावर ट्रेलरचा दांडा जेवढा दाब देतो, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा अमेरिकेत पाळला जाणारा ठोकताळा आहे. 1200 किलोचा ट्रेलर असेल तर साधारण 150 किलो. तीन धडधाकट माणसांपेक्षाही कमी. एक टन माल वाहणारी पिकअप एवढ्याने कुरकुरते, याचं कारण वजनात नसून ते टांगलं आहे त्या जागेत आहे. डाल्यातला माल बहुतेक मागच्या चाकांच्या पुढे किंवा बरोबर वर असतो. हुक मात्र मागच्या एक्सलच्याही मागे लोंबकळत असतो.

समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे आहे. मागचा एक्सल टेकू झाला आणि सारी गाडी तरफ. हुकावर 150 किलो पडले की पुढची चाकं 150 गुणिले 1.2 भागिले 3, म्हणजे 60 किलोंनी हलकी होतात. ते 60 किलो नाहीसे होत नाहीत, मागच्या चाकांवर जातात. म्हणजे मागे वाढले 210. हुकावर 150 ठेवले आणि एक्सलने 210 सोसले, हा हिशेब पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. जड ट्रॉलीला चढावर हिसका बसून ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं ज्याने पाहिलंय, त्याला लगेच पटतो.

आता पाटे. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम 1676 साली आधी अक्षरं उलटसुलट करून, कोड्यासारखा छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला: जेवढा ताण, तेवढी लांबी. पाट्यांनाही तो बऱ्यापैकी लागू पडतो. मागचे दोन्ही पाटे मिळून दर सेंटीमीटरला 70 किलो झेलत असतील, तर 210 किलोंना गाडी 3 सेंटीमीटर बसेल. पुढची बाजू हलकी झाल्यामुळे तिकडे अर्धा-पाऊण सेंटीमीटर वर येईल. पाटे जुने होऊन कमान सपाट झाली असेल, तर बसणं याहून बरंच जास्त दिसतं.

साडेतीन सेंटीमीटरने काय होतं, असं वाटेल. रात्री बघा. डिपरचा झोत रस्त्याकडे साधारण दर मीटरला 1 सेंटीमीटर या उताराने लावलेला असतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत न जाता डांबरावर पडतो. आपल्या उदाहरणातली गाडी 3 मीटरमध्ये साधारण 3.6 सेंटीमीटर कलली, म्हणजे मीटरला 1.2 सेंटीमीटर. डिपरचा सगळा उतार संपला, उलट झोत थोडा वरच गेला. 50 मीटरवर तो आधीपेक्षा 60 सेंटीमीटर उंच पडतो. आपण इमानदारीने डिपर मारलेला असतो आणि समोरचा मोटारसायकलवाला आपल्याला शिव्या घालत असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

याहून गंभीर गोष्ट स्टेअरिंगची. गाडी वळते आणि बरीचशी थांबते ती पुढच्या चाकांच्या पकडीवर, आणि ती पकड त्यांच्यावरच्या भारातून येते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर काळ्या मातीचा लपका पसरवलेला असतो. तिथे पुढून हलकी झालेली गाडी वळणावर सरळच जाऊ पाहते.

पाटा वाढवल्याने यातलं काय सुधारतं? समजा जादा पाट्यामुळे ताकद दर सेंटीमीटरला 70 वरून 105 किलो झाली. बसणं 3 ऐवजी 2 सेंटीमीटर. गाडी बरी दिसते, झोतही थोडा खाली येतो. पण तरफेचा हिशेब पुन्हा मांडा: 150, 1.2 मीटर, 3 मीटर. त्यात पाट्याचा आकडा कुठेच नाही. पुढची 60 किलोंची तूट होती तेवढीच राहिली. हेच एअरबॅगचं, म्हणजे एक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवून हवा भरायच्या रबरी फुग्यांचं. हवा वाढवली की मागची बाजू हवी तेवढी उचलता येते आणि ट्रेलर सोडल्यावर हवा कमी करून गाडी पुन्हा मऊ करता येते, ही त्यांची खरी सोय. पण पुढे किलोभरही परत येत नाही म्हटलं तरी चालेल. शॉकअपचं तर नावच घेऊ नका. साधे शॉकअप भार झेलतच नाहीत, पाट्यांचं उसळणं आवरणं एवढंच त्यांचं काम. नवे टाकूनही गाडी तेवढीच बसते आणि बिल वर.

तरीही पाटा टाकायचा असेलच, तर हेल्परचा टाकावा. तो मुख्य संचाच्या वर थोडं अंतर राखून असतो आणि गाडी ठरावीक बसल्यावरच टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यांत बकरीसारखी उड्या मारत नाही. जाडीचा मोह मात्र आवरावा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरऐवजी 10 चा पाटा घेतला, दोनच मिलिमीटर जास्त, तरी तो जवळजवळ दुप्पट कडक होतो. जुने पाटे भट्टीत लाल करून ठोकून कमान आणण्याची रीत स्वस्त आहे, पण पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन तयार केलेलं असतं. लाल करून नुसतं निवू दिलं की ते पाणी उतरतं आणि कमान थोड्याच दिवसांत पुन्हा सपाट.

बसणं थांबवायचा एक फुकटचा उपाय लोक आपसूक करतात: ट्रेलरमधलं सामान मागे सरकवतात. गाडी लगेच सरळ उभी राहते. मग वेग घेतला की ट्रेलरची शेपूट डावी-उजवी मारायला लागते. भार एक्सलच्या मागे गेला की बाजूने आलेला छोटासा धक्का, ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकची हवासुद्धा, प्रत्येक झोक्याला विरायच्या ऐवजी वाढत जाते. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात हे कळतही नाही. समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. मागून थोडी बसलेली गाडी परवडली, हे असलं सरळ उभं राहणं नको.

पुढच्या चाकांना त्यांचं वजन परत देणारी एक जोडणी आहे. अमेरिकेत कॅम्पर ओढणाऱ्यांकडे ती सर्रास असते, आपल्याकडच्या गॅरेजात क्वचितच दिसते. हुकाच्या डोक्यातून स्प्रिंगच्या पोलादाचे दोन दांडे मागे निघतात आणि ट्रेलरच्या दांड्याला साखळीने वर ओढून ताणले जातात. दांडे वाकलेल्या स्थितीत राहतात आणि सरळ व्हायच्या धडपडीत हुकाला पिळतात, असा पीळ की पिकअपची शेपूट वर आणि नाक खाली. आपल्याच उदाहरणात हुकापासून ट्रेलरचं एक्सल 3.6 मीटरवर धरलं, तर दांडे नीट ताणल्यावर पुढची 60 किलोंची तूट पूर्ण भरते, मागच्या चाकांवरचे जादा 210 घटून सुमारे 112 होतात आणि उरलेले 38 ट्रेलरच्या चाकांवर जातात. बेरीज 150 ची 150. वजन तेवढंच, वाटणी बदलली. मात्र हा पीळ हुक, चासी आणि ट्रेलरचा दांडा या तिघांना सोसावा लागतो. त्यासाठीच बनवलेला संच हवा. वेल्डिंगवाल्याकडून सळ्या जोडून असला प्रयोग करू नये.

कुठलाही उपाय करण्याआधी मोजावं, आणि मोजायची सोय आपल्याकडे गावोगावी आहे. धान्याच्या दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचा दांडा टेकवा, ट्रेलर समपातळीत ठेवा, चाकांना दगड लावा. हुकावरचा भार थेट वाचता येतो. मग जिनिंगच्या धरमकाट्यावर पिकअपची फक्त पुढची चाकं चढवून एकदा ट्रेलरशिवाय, एकदा ट्रेलर जोडून वजन घ्या. फरक म्हणजे पुढची तूट. काटा नसेल तर टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची चारही चाकांना आधी आणि नंतर मोजली तरी अंदाज येतो. जमिनीपासून मोजू नये, टायरचं दबणं त्यात मिसळतं.

कॅम्परमध्ये पाण्याची टाकी असते आणि आपल्या उन्हाळ्यात ती मोठीच लागते. 200 लिटरची टाकी एक्सलच्या 1 मीटर पुढे असेल, तर भरल्यावर हुकावर साधारण 56 किलो वाढतात. मागे असेल तर तेवढेच कमी होतात. म्हणून मोजणी प्रवासात टाकी जशी असेल तशा स्थितीत करावी, आणि नवा ट्रेलर बनवून घेताना टाकी एक्सलच्या वरच बसवायला सांगावं. भरा की रिकामी करा, हुकाला फरक पडणार नाही.

पाटे, फुगे, दांडे काहीही लावलं तरी आरसीवर लिहिलेलं वजन वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच आहेत, आणि जादा भाराला मोटार वाहन कायद्यात 20 हजार रुपये दंड आहे, वर दर जादा टनाला 2 हजार. ताणाचे दांडे असतील तर आणखी एक पथ्य: डांबरी रस्ता सोडून पांदणीत किंवा नाल्यात उतरण्याआधी त्यांच्या साखळ्या सोडाव्यात. खोलगट जागी पिकअप आणि ट्रेलर यांच्यातला कोन एकदम बदलतो, पीळ कित्येक पटींनी चढतो आणि हुकाचं वेल्डिंग तिथे तडकतं. शेतातून वर रस्त्याला लागल्यावर साखळ्या पुन्हा त्याच कडीला ओढायच्या. ती कडी ओळखू यावी म्हणून तिला रंगाचा ठिपका लावून ठेवावा.