लोड टेस्ट लावली की व्हीएमची मेमरी का संपते, त्यामागची साठ वर्षं

परफॉर्मन्स टेस्टिंग करणाऱ्या, म्हणजे टूलने खोटे युजर सोडून सिस्टिम किती लोड पेलते ते बघणाऱ्या, कुठल्याही टीमला विचारा, हिंजवडीतली असो की बाहेरची, हा प्रकार सगळ्यांनी बघितलेला असतो. ५० युजरला टेस्ट मस्त चालते, ५०० लाही चालते, आणि २००० ला नेली की आउट ऑफ मेमरी, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच मेसेज न येता प्रोसेसच गायब. मग पहिली मागणी जाते व्हीएमची, म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनची, रॅम वाढवा म्हणून, ८ ची १६ जीबी होते, आणि एरर तिथल्या तिथे. मला मनापासून वाटतं की हे कोडं सोडवायचं तर खालचे थर कधी आले आणि कशासाठी आले ते माहीत असायला पाहिजे, कारण प्रत्येक थराने वरच्याला असलेल्यापेक्षा जास्त मेमरी दाखवायची सोय केलीय, आणि ती करताना गृहीत धरलंय की सगळे एकदम मागायला येणार नाहीत. लग्नाच्या पत्रिका हजार वाटतात पण स्वयंपाक सहाशेचा करतात, तसंच. लोड टेस्ट म्हणजे हजारच्या हजार लोक पहिल्याच पंगतीला बसणं.

सुरुवात मँचेस्टरला झाली. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या टीमने बनवलेलं अ‍ॅटलस नावाचं मशीन डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालं, त्यात कोअर मेमरी साधारण १६ हजार शब्दांची आणि सोबत साधारण ९६ हजारांचा मॅग्नेटिक ड्रम, म्हणजे तेव्हाची डिस्कच, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसायची आणि पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, आत-बाहेर हलवायचं काम मशीन स्वतः करायचं. व्हर्च्युअल मेमरी ती हीच. मग ६० च्या दशकात टाइम शेअरिंगची मशीन आली, एकाच वेळी बरेच लोक बसायला लागले, आणि लोड वाढला की मशीन एकदम कोसळायचं, म्हणजे सीपीयू रिकामा आणि ड्रम मात्र अखंड फिरतोय. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये हे थ्रॅशिंग नीट मांडलं आणि वर्किंग सेटची कल्पना दिली: प्रोग्रॅमने मेमरी किती मागितली त्यापेक्षा अलीकडच्या काळात तो किती पानांना खरोखर हात लावतोय ते बघा, आणि सगळ्यांच्या अशा पानांची बेरीज रॅमपेक्षा जास्त झाली की काम हळूहळू मंदावत नाही, कड्यावरून पडल्यासारखं थांबतं. आजही लोड टेस्टच्या ग्राफमध्ये रिस्पॉन्स टाइम १८०० युजरपर्यंत सपाट आणि १९०० ला थेट आकाशात गेलेला दिसला तर मेमरीचा संशय आधी घ्यावा.

व्हर्च्युअल मशीनही त्याच काळातलं, आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या सेंटरमध्ये सीपी-४० आणि सीपी-६७ झाले, त्यातून १९७२ मध्ये व्हीएम/३७० आलं. पण आपल्या रोजच्या कामातल्या व्हीएमची गोष्ट १९९७ च्या आसपास स्टॅनफर्डमध्ये डिस्को नावाच्या प्रोजेक्टपासून सुरू होते, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर आला.

आता इथे थोडं थांबायला पाहिजे कारण आपल्या निम्म्या कोड्यांचं मूळ इथे आहे. २००२ मध्ये कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी ईएसएक्सच्या मेमरी मॅनेजमेंटवर पेपर दिला. प्रश्न असा होता की होस्टला, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनला, ६४ जीबी रॅम आहे आणि त्यावरच्या सगळ्या व्हीएमना मिळून ९० जीबी कबूल केलीय, तर तंगी आली की मेमरी परत कोणाकडून आणि कशी घ्यायची. गेस्ट ओएसच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आत कुठली पानं महत्त्वाची आहेत हे हायपरवायजरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या ईएसएक्ससारख्या सॉफ्टवेअरला, बाहेरून कळत नाही. म्हणून बॅलूनिंग: गेस्टच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवायचा, हायपरवायजरने सांगितलं की तो आतून मेमरी मागत सुटतो, गेस्ट ओएस स्वतःच ठरवते की कुठली पानं सोडायची, आणि ड्रायव्हरने पकडलेली पानं होस्टला परत मिळतात. कल्पना फारच सुंदर आहे, मला आजही वाचताना आनंद होतो. पण व्हीएमच्या आत बसलेल्या माणसाला काय दिसतं बघा: मोकळी मेमरी संपत आलीय, आणि सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तरी १६ पैकी १० जीबीच वापर दिसतोय, बाकी सहा कुठे गेली पत्ता नाही. ते हे बॅलून. व्हीएमवेअर टूल्सच्या टूलबॉक्स कमांडला विचारलं तर आतूनच आकडा मिळतो, पण विचारायचं हे सुचावं लागतं.

बॅलूनने भागलं नाही तर हायपरवायजर स्वतःच व्हीएमची पानं डिस्कवर टाकतो, आणि त्याचा गेस्टला अजिबात पत्ता नसतो. आत स्वॅप, म्हणजे डिस्कवर टाकलेली मेमरी, शून्य दिसतं, सगळं आलबेल दिसतं, आणि जावाचा जीसी पॉझ, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करायला प्रोग्रॅम थांबतो तो वेळ, मात्र मिलिसेकंदांवरून काही सेकंदांवर जातो, कारण गार्बेज कलेक्टर जवळजवळ सगळ्या हीपवरून, म्हणजे जावा आपला डेटा ठेवते त्या मेमरीवरून, फिरतो आणि डिस्कवर गेलेल्या प्रत्येक पानाला हात लावतो. म्हणूनच जावा चालवणाऱ्या व्हीएमला पूर्ण मेमरी रिझर्व्ह करा हा सल्ला जुनाय आणि तो पाळला गेलाच पाहिजे, टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे म्हणून तिथे तडजोड केली तर आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

त्याच पेपरमध्ये पेज शेअरिंग पण होतं, दोन व्हीएममधली हुबेहूब सारखी पानं एकदाच ठेवायची. लिनक्समध्ये केव्हीएम हे हायपरवायजर २००७ मध्ये आलं आणि असंच शेअरिंग केएसएम नावाने २००९ मध्ये. रिकाम्या बसलेल्या व्हीएममध्ये शून्यांनी भरलेली पानं भरपूर, त्यामुळे बचत मोठी दिसायची, पण लोड टेस्ट सुरू झाली की पानांत खरा डेटा लिहिला जातो आणि ही बचत विरघळते, नेमकी नको त्या वेळी. त्यात २०१४ मध्ये सुरक्षेच्या कारणाने, म्हणजे शेअर केलेल्या पानांवरून शेजारच्या व्हीएमची एन्क्रिप्शन की काढता येऊ शकते हे संशोधकांनी दाखवल्यावर, व्हीएमवेअरने वेगवेगळ्या व्हीएममधलं शेअरिंग डिफॉल्टने बंद केलं. त्या बचतीच्या भरवशावर होस्ट भरून ठेवले असतील तर अपडेटनंतर तो हिशोब बदलला.

गेस्टच्या आत लिनक्स पण उधारीवरच चालतं. प्रोसेसने मेमरी मागितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हो म्हणतो, खरी पानं पहिल्यांदा लिहिताना देतो, आणि देता आली नाहीत तर ओओएम, म्हणजे आउट ऑफ मेमरी, किलर कुठल्या तरी प्रोसेसचा जीव घेतो. हा कोड रिक व्हॅन रील यांनी १९९८ ते २००० च्या काळात लिहिला, आणि बळी कसा निवडायचा ते २०१० मध्ये डेव्हिड रिएंटजेस यांनी बरंच बदललं. मोठी मेमरी खाणारा पहिला जातो, आणि लोड टेस्टच्या मशीनवर तो बहुतेक वेळा जावाच असतो. जावाच्या लॉगमध्ये यातलं काहीही येत नाही, कारण त्याला सिग्नल ९, म्हणजे तिथल्या तिथे मारायचा हुकूम, मिळालेला असतो, मिळतो फक्त एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये असतो. टेस्ट चाळीस मिनिटं चालून मग मरते ती पण याच उधारीमुळे, जावाने सुरुवातीला ८ जीबी हीप घेतला असं वाटतं पण पानं हळूहळू भरत जातात. ऑलवेज प्रीटच हा पर्याय लावला तर सगळी पानं सुरुवातीलाच वापरात येतात आणि मेमरी कमी असेल तर पहिल्या मिनिटातच कळतं.

आता लोड मारणाऱ्या टूलकडे, कारण बऱ्याचदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि मरतं ते जेमीटर. स्टेफानो मॅझोकी यांनी १९९८ मध्ये ते अपाचे जेसर्व्ह हे जावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर तपासायला लिहिलं, त्याच्या जागी आलेल्या टॉमकॅटच्याही आधीची गोष्ट, आणि त्यात एक युजर म्हणजे एक थ्रेड (प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणारं काम) हे गणित धरलं, जे तेव्हाच्या आकड्यांना पुरेसं होतं. जेमीटरच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये हीप लिहून ठेवलेला असतो, बरीच वर्षं तो ५१२ एमबी होता आणि नंतर १ जीबी झाला. रॅम ८ ची १६ करूनही एरर का जात नाही याचं सगळ्यात कॉमन उत्तर हेच, व्हीएम कितीही मोठी करा, जेमीटर १ जीबीच्या पुढे जातच नाही. शिवाय प्रत्येक रिस्पॉन्स दाखवणारी रिझल्ट ट्री उघडी ठेवून जीयूआयमध्ये, म्हणजे जेमीटरची विंडो उघडून, टेस्ट चालवली तर रिस्पॉन्स मेमरीत साठत जातात आणि हीप भरणारच.

पण हीप वाढवणं हे सगळ्याला उत्तर नाही. नेटिव्ह थ्रेड बनवता येत नाही असा आउट ऑफ मेमरी आला तर हीप वाढवून परिस्थिती आणखी बिघडू शकते. थ्रेडचा स्टॅक, म्हणजे त्याची स्वतःची कामाची मेमरी, हीपच्या बाहेर असतो, ६४ बिट लिनक्सवर डिफॉल्ट १ एमबी. ३२ बिट विंडोजच्या काळात एका प्रोसेसला साधारणपणे २ जीबीच अ‍ॅड्रेस स्पेस मिळायची, त्यातली दीड हीपला दिली की शेकडो थ्रेडना जागा कुठून आणायची, म्हणून तेव्हा हीप कमी करून एरर जायचा, आणि हे ज्याने बघितलं नाही त्याला पटतच नाही. आज ६४ बिटवर हाच मेसेज बऱ्याचदा युजरच्या प्रोसेस लिमिटमुळे येतो, मेमरी ढिगाने मोकळी असताना. परमजेनचे, म्हणजे जावाच्या क्लासची माहिती ठेवायच्या ठरावीक जागेचे, एरर मात्र २०१४ मध्ये जावा ८ आलं आणि तिच्या जागी मेटास्पेस आला तेव्हा संपले.

मग कंटेनर आले, म्हणजे एकाच ओएसवर मर्यादा घालून वेगवेगळे चालवलेले प्रोसेसचे गट. गूगलच्या इंजिनियरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सीग्रुपचं, म्हणजे ही मर्यादा घालायच्या सोयीचं, काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये आलं, पण जावाला ही मर्यादा कळतच नव्हती, ती मशीनची रॅम बघून तिचा चौथा हिस्सा कमाल हीप ठरवायची. ६४ जीबीच्या व्हीएमवर २ जीबीचा कंटेनर असेल तर जावा १६ जीबीपर्यंत जायला मोकळी, आणि २ ओलांडले की ओओएम किलर. हे नीट झालं २०१८ मध्ये, मार्चमध्ये जावा १० ला आणि ऑक्टोबरमध्ये जावा ८ च्या १९१ व्या अपडेटला. त्याच्या आधीची जावा असलेल्या कंटेनर इमेज, म्हणजे तयार पॅकेज, अजून कुठे कुठे चालू आहेत, त्यामुळे जावाची आवृत्ती बघणं हे पहिल्या पाच मिनिटांतलं काम असायला पाहिजे.

क्लाउडवर चित्र थोडं वेगळं. अ‍ॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ ही भाड्याने व्हीएम देणारी सेवा काढली तेव्हा मशीन एकाच मापाचं होतं, साधारण पावणेदोन जीबी रॅमचं. तिथल्या लिनक्स इमेजमध्ये सहसा स्वॅप नसतं, म्हणून थ्रॅशिंगची पूर्वसूचना फार मिळत नाही, मेमरी संपली की सरळ मृत्यू. डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० ला प्रेशर स्टॉलचे आकडे आले, मेमरीसाठी प्रोसेस किती टक्के वेळ अडकून बसल्या ते थेट दिसतं, डेनिंग यांना १९६८ मध्ये जे मोजायचं होतं त्याच्या बरंच जवळचं. लोड टेस्टच्या डॅशबोर्डवर मोकळ्या मेमरीच्या शेजारी हा आकडा, बॅलूनचा आकडा आणि हीपचा आकडा एकाच वेळपट्टीवर लावला, लोड मारणाऱ्या आणि मार खाणाऱ्या दोन्ही मशीनवर, तर कुठल्या थराने आधी हात वर केले ते ग्राफमध्येच दिसतं.