अस्तर उसवलेली धमनी आणि स्टेंट

नागपुरात रामदासपेठेतील रुग्णालयांबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या मनात एक समीकरण पक्के बसलेले असते: हार्ट अटॅक म्हणजे ब्लॉकेज आणि ब्लॉकेज म्हणजे स्टेंट. त्यामुळे पंचेचाळिशीतील, मधुमेह नसलेल्या, तंबाखूला कधी न शिवलेल्या बाईला झटका येतो आणि अँजिओग्राफीनंतर डॉक्टर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) न टाकताच तिला वॉर्डात हलवतात, तेव्हा उपचार अर्धवट सोडल्याची शंका घरच्यांना येते. ‘स्कॅड’ या आजारात मात्र तो निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो.

स्कॅड म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीचे आपोआप झालेले विदारण. १९३१ साली एका ४२ वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात त्याची पहिली नोंद झाली. याच्या रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया असतात, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचे हे एक प्रमुख कारण आहे.

धमनीची भिंत तीन थरांची असते. स्कॅडमध्ये आतले अस्तर फाटून, किंवा भिंतीतीलच बारीक रक्तवाहिन्या फुटून, थरांच्या मध्ये रक्त साचते आणि अस्तर आतल्या बाजूला फुगून वाट अडवते. नेहमीच्या ब्लॉकेजमधील चरबीचा थर घट्ट असतो. स्टेंटने दाबला की बराचसा जागीच चेपतो. साचलेले रक्त तसे चेपत नाही. उन्हाळ्यात मुले चोखतात ती पेप्सीची पिशवी वितळल्यावर मधोमध दाबून पाहावी, पाणी दोन्ही टोकांना पळते. तसेच हे रक्त स्टेंटच्या दोन्ही बाजूंना सरकते, अस्तर आणखी सुटत जाते आणि एका स्टेंटचे तीन करावे लागतात. त्यातच स्टेंट नेणारी तार खऱ्या मार्गाऐवजी थरांमधल्या खोट्या पोकळीत शिरली, तर उरलासुरला प्रवाहही बंद पडू शकतो. शिवाय पुढे रक्त शोषले जाऊन धमनी मूळ रुंदीवर आली की घट्ट बसवलेला स्टेंट सैल पडतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये १८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने किंवा स्टेंटने धमनी उघडणे, ५३ टक्के वेळा अयशस्वी ठरली. अधिक गंभीर रुग्णांनाच स्टेंट टाकला जातो म्हणून आकडा वाईट दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण धमनीतील प्रवाह शाबूत असलेल्यांतही अपयश ५० टक्केच होते. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण रुग्णालयात सुरळीत राहिले. उरलेल्या १० टक्क्यांचे विदारण लवकरच वाढले, म्हणून सुरुवातीचे काही दिवस देखरेखीखाली काढणे टाळता येत नाही. विदारण मुख्य डाव्या धमनीत असेल, प्रवाह थांबला असेल, छातीत दुखणे थांबत नसेल किंवा रक्तदाब कोसळत असेल, तर मात्र स्टेंटची किंवा बायपासची जोखीम घ्यावीच लागते.

बहुतेक विदारणे काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप भरून येतात. (लसूण-आल्याचा ‘ब्लॉकेज उघडणारा’ काढा फॉरवर्ड करणाऱ्यांना याहून सोयीचा आजार सापडणार नाही, या काळात काहीही प्यायले तरी श्रेय त्यालाच जाईल.)

स्टेंटने पुन्हा विदारण होण्याचा धोकाही कमी झालेला दिसत नाही, कारण पुढचे विदारण सहसा धमनीच्या वेगळ्याच भागात होते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर हृदयावरचा ताण कमी करणारी बीटा-ब्लॉकरची गोळी आणि रक्तदाबाची नियमित तपासणी लिहिलेली असते.