वर्कफ्लोसाठी डेटाबेसची चाचणी कशी घ्यावी

चाकणच्या कारखान्यातली खरेदीची मंजुरी असो की हिंजवडीच्या ऑफिसातला रजेचा अर्ज, वर्कफ्लो सॉफ्टवेअर (काम एका टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकवणारे) डेटाबेसकडून एकाच धाटणीचे काम करून घेते. पर्चेस ऑर्डर सुपरवायझरकडून अकाउंट्सकडे सरकली की एक टास्क बंद होतो, दुसरा उघडतो, इतिहासाच्या टेबलात दोन-चार ओळी पडतात आणि लगेच कमिट होते, म्हणजे हे सगळे बदल एकदम पक्के होतात (अशा बदलांचा एक गठ्ठा म्हणजे ट्रान्झॅक्शन). त्यामुळे ‘सेकंदाला इतके हजार ट्रान्झॅक्शन’ हा जाहिरातीतला आकडा पाहून डेटाबेस निवडू नका.

पोस्टग्रेस या डेटाबेससोबत येणारे पीजीबेंच हे वेग मोजायचे साधन घ्या. त्याची तयार चाचणी बँकेच्या खात्यांची आहे. स्केल (डेटा किती पट भरायचा तो आकडा) १ ठेवले तर खाती १ लाख, पण शाखा एकच. सगळे क्लायंट (डेटाबेसला जोडलेले वापरकर्ते) त्या शाखेच्या एका ओळीच्या लॉकसाठी, म्हणजे ती बदलायची पाळी मिळावी म्हणून, रांग लावतात आणि मोजली जाते ती रांग. पीजीबेंचला स्वतःची स्क्रिप्ट देता येते. तिच्यात तुमचाच टप्पा लिहा: टास्क उचलणे, बंद करणे, पुढचा टाकणे, इतिहास नोंदवणे, कमिट. टास्क उचलताना ‘स्किप लॉक्ड’ वापरा, म्हणजे दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेतली जाते (पोस्टग्रेस ९.५ आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० पासून आहे), नाहीतर टास्क उचलणारे सगळे वर्कर पहिल्याच ओळीपाशी खोळंबतात.

डेटा खऱ्याइतका भरा. इतिहासाची टेबले रिकामी असली की सगळे रॅममध्ये मावते आणि निकाल फसवा येतो. चाचणी किमान अर्धा तास चालवा, पहिली दहा मिनिटे धरू नका. पोस्टग्रेसचा चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवरच्या फायलींत उतरवण्याची वेळ) मुळात ५ मिनिटांनी येतो. दोन मिनिटांच्या चाचणीत तो दिसणारही नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टास्कच्या टेबलात. जिवंत ओळी दोनशे, पण दिवसभर भरती-पुसाई चालू, म्हणून मेलेल्या ओळी (पुसल्या किंवा बदलल्यावर मागे राहिलेल्या जुन्या प्रती) साचत जातात. पोस्टग्रेसचा आपोआप चालणारा सफाईवाला, ऑटोव्हॅक्यूम, त्या साफ करतो, पण कोणी महिनाअखेरचा एमआयएस रिपोर्ट एकाच लांब ट्रान्झॅक्शनमध्ये तासभर चालवला, तर त्यानंतर मेलेल्या ओळी त्याला काढताच येत नाहीत. मग दोनशे ओळी शोधायला लाखो ओळी चाळाव्या लागतात आणि मंजुरीचे बटण दाबून माणूस वाट पाहत बसतो. म्हणून चाचणी चालू असताना असा एक रिपोर्ट मुद्दाम लावाच. या टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूमचा २० टक्क्यांचा मूळ उंबरठा (टेबलाच्या किती टक्के ओळी मेल्या की सफाई सुरू करायची तो) खाली आणून तुलनाही करा. मात्र लांब रिपोर्टवर तो उपाय नाही, रिपोर्ट रेप्लिकावर (डेटाबेसची सतत ताजी राहणारी नक्कल असलेल्या सर्व्हरवर) हलवणेच बरे. तिथेही प्राथमिक (मूळ) सर्व्हरवरची सफाई अडवणारे फीडबॅक सेटिंग बंद आहे ना, ते पाहा.

दोन डेटाबेसची तुलना करताना टिकाऊपणाची सेटिंग सारखी ठेवा. मायएसक्यूएलमध्ये कमिटच्या वेळी लॉग डिस्कवर पक्का करणे सैल केले की वेग वाढतो, पण गुरुवारच्या वीजबंदीत यूपीएस बसला तर शेवटच्या सेकंदाभरातल्या मंजुऱ्या जाऊ शकतात. मंजुरीच्या नोंदीबाबत हा सौदा आम्ही सुचवत नाही.

क्लायंट वेगळ्या मशीनवर, खऱ्या नेटवर्कवरूनच चालवा. डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर असेल आणि एका फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर आठ क्वेऱ्यांच्या टप्प्याला ४० मिलिसेकंद नुसते जाण्यायेण्यातच जातात.

निकालात सरासरी पाहू नका, ९९ टक्के टप्पे किती वेळात उरकले ते पाहा. पीजीबेंचला ठरावीक दर देऊन चाचणी घ्या, म्हणजे खोळंब्याचा वेळही मोजला जाईल.

आमच्याकडून चाचणी करून घ्यायची असल्यास सेटिंगची फाइल, टेबलांचे आकार आणि महिनाअखेरच्या सर्वांत गर्दीच्या तासात किती टास्क बंद होतात तो आकडा पाठवा. कर्मचाऱ्यांची नावे, पगार पाठवू नका. त्यांची गरज नसते.