लॉगिन होतं, पण फोल्डर दिसत नाही

लग्नसराईत अमळनेरहून भाच्याचा फोन आला, तर तो आमंत्रणाचा असेल असं मी धरत नाही. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. अल्बमची पानं रात्री जुळवायची आणि दुसऱ्या शहरातल्या लॅबच्या एफटीपी सर्व्हरवर टाकायची (एफटीपी म्हणजे जाळ्यावरून फाइली पाठवायची जुनी पद्धत, सर्व्हर म्हणजे त्या घेणारा पलीकडचा संगणक), छापलेला अल्बम मग पार्सलने परत येतो. त्या रात्री तो म्हणाला, "मामा, लॉगिन व्हई ऱ्हायनं, पन फोल्डरच दिखी नई ऱ्हायनं."

कालपर्यंत चालत होतं. राउटर दोनदा बंद-चालू करून झाला होता, पासवर्ड पाचदा टाकून झाला होता. लॅबवाले म्हणत होते, "आम्ही काहीच बदललं नाही, फक्त सिक्युरिटी वाढवली." खोड त्या 'फक्त'मध्येच होती.

रावेर-सावद्याकडे केळीचा सौदा फोनवर ठरतो. भाव किती, कटाई कधी, सगळं बोलणं फोनवर. माल मात्र फोनमधून जात नाही, त्याला ट्रक लागतो. एफटीपीचंही तसंच आहे. आपला संगणक सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जोडला जातो तो निव्वळ बोलण्यासाठी: नाव, पासवर्ड, 'अमुक फोल्डर दाखव', 'ही फाइल घे'. प्रत्यक्ष फाइल दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून जाते. आणि बहुतेकांना हे माहीत नसतं, पण फोल्डरची यादीसुद्धा मालातच मोडते. ती फोनवर सांगितली जात नाही, ट्रकनेच येते. म्हणून लॉगिन झालं आणि यादी आली नाही, तर फोन चालू आहे आणि ट्रक कुठेतरी अडलाय, एवढं लगेच कळतं. पासवर्ड पुन्हा टाकून काही होत नाही.

ट्रक पाठवायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत म्हणजे ॲक्टिव्ह मोड. यात आपला संगणक सर्व्हरला आपला पत्ता आणि दाराचा क्रमांक सांगतो, आणि सर्व्हर त्याच्या २० क्रमांकाच्या पोर्टवरून आपल्याकडे गाडी धाडतो. एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. त्या काळी जाळ्यावर मोजकी यंत्रं होती, कुणीही कुणाच्या दारात थेट जावं असा तो शेजार होता. दोन जोडण्यांची रचना पुढच्या मसुद्यांत बसली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये आज चालतो तो आराखडा प्रसिद्ध झाला. घराघरांत राउटर येतील आणि ते अनोळखी गाडी फाटकावरूनच परत पाठवतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं.

शिवाय पत्त्याचाही घोळ आहे. भाच्याच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. असा पत्ता म्हणजे 'मारुतीच्या पारासमोर'. गावातल्या माणसाला पुरतो, पण बाहेरच्या ड्रायव्हरला काय उपयोग? मारुती गावोगावी आहे.

मग भाच्याचं या जुन्या रीतीने कालपर्यंत चाललं कसं? राउटरच्या चोंबडेपणामुळे. बऱ्याच राउटरमध्ये एफटीपीचं बोलणं चोरून ऐकायची सोय असते. त्यात 'पारासमोर' असं आलं की राउटर ते खोडून स्वतःचा जगाला ठाऊक असलेला पत्ता घालतो, आणि येणाऱ्या गाडीसाठी फाटक उघडं ठेवतो. लॅबने एन्क्रिप्शन सुरू केलं, म्हणजे ते बोलणं बंद पाकिटात गेलं. राउटरला वाचता येईना, पत्ता तसाच चुकीचा पुढे गेला. दोष ना भाच्याचा ना इंटरनेटवाल्यांचा. लॅबने केलं ते योग्यच होतं, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पण गिऱ्हाइकांना आधी सांगायला हवं होतं, हे माझं मत अजून कायम आहे.

उपाय म्हणजे दुसरी रीत, पॅसिव्ह मोड. यात सर्व्हर स्वतःचं एक दार उघडतो आणि 'गाडी तुझी तूच पाठव' म्हणतो. आतून बाहेर जाणाऱ्या गाडीला राउटर सहसा अडवत नाही. भाच्याला फाइलझिला या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये हे बदलायला लावलं आणि खालच्या खिडकीतला मजकूर वाचून दाखवायला सांगितला. २२७ क्रमांकाचं उत्तर आलं होतं आणि पुढे कंसात सहा आकडे. पहिले चार म्हणजे पत्ता, शेवटचे दोन म्हणजे दार. ते १९५ आणि १४९ असतील, तर १९५ गुणिले २५६ अधिक १४९, म्हणजे ५००६९ क्रमांकाचं पोर्ट. पत्ता बरोबर होता, दारही सांगितलं होतं, तरी यादी येईना. लॅबच्या फायरवॉलने, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याने, २१ सोडून बाकी दारं बंदच ठेवली होती! पॅसिव्हसाठी पोर्टचा एक ठरावीक पट्टा सर्व्हरमध्ये नेमून तोच फायरवॉलमध्ये मोकळा करावा लागतो. ते काम लॅबचं, आपल्या हातात काही नाही. दोन दिवस पेनड्राइव्ह खासगी बसने गेला.

ही खालची खिडकी लोक वाचत नाहीत, त्याचं मला नवल वाटतं. सर्व्हर दर वेळी तीन आकडी क्रमांक देऊन सांगत असतो. ५३० म्हणजे नाव-पासवर्ड पटला नाही, आणि निम्म्या वेळा व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटलेली असते. ५५० म्हणजे परवानगी नाही किंवा त्या नावाची फाइलच नाही. ४२५ म्हणजे आपली ट्रकची भानगड. लॉगिनच्या आधीच अडलं, तर नुसत्या शब्दांत फरक आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर कुणीतरी दार उघडून 'नाही' म्हणालंय: यंत्र जागं आहे, पण एफटीपी सेवा बंद आहे किंवा पोर्टचा आकडा चुकलाय. 'टाइम्ड आउट' म्हणजे कडी वाजवली, आतून हूं की चूं नाही. तिथे फायरवॉल किंवा पत्ता तपासायचा.

एसएफटीपी हे नावाने भाऊबंद वाटलं, तरी घराणं वेगळं आहे. ते एसएसएच या दूरच्या संगणकाशी बंद पाकिटातून बोलायच्या पद्धतीच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं, बोलणं आणि माल एकाच जोडणीतून, त्यामुळे हा ट्रकचा प्रश्नच येत नाही. नवा सर्व्हर उभारणाऱ्याला मी तेच सुचवीन.

लॅबने पोर्ट उघडले, यादी दिसली, पानं जाऊ लागली. मध्यरात्री पुन्हा फोन: एक मोठी फाइल शंभर टक्के झाली आणि तिथेच थांबली. ट्रक चालू असताना फोनवर कुणी बोलत नाही, आणि फार वेळ गप्प राहिलेली जोडणी राउटर विसरून जातो. मग 'माल पोचला' हे २२६ क्रमांकाचं उत्तर परत येतच नाही. भाचा पुन्हा पहिल्यापासून पाठवायला निघाला होता. म्हटलं, थांब, आधी सर्व्हरवरच्या फाइलचा आकार बघ. आकार शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. फाइल कधीच पोचली होती.