ऐतिहासिक कथेतून सामाजिक अन्यायाचे शिक्षण

खऱ्या घटनेभोवती रचलेली कथा वर्गात वाचून त्या काळचा अन्याय आणि त्याविरुद्ध लोकांनी काय केले, हे समजून घेण्याची अध्यापनपद्धती. मराठीत ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हटले की गड आणि दरबार डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र गिरणी, चाळ, पाणवठा यांच्या कथा लागतात.

मुंबईत आठवी-नववीसाठी गिरणगाव हा सर्वांत जवळचा विषय. १८८१ च्या कारखाना कायद्यानुसार सात वर्षांच्या मुलालाही गिरणीत नऊ तास राबवता येई. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाकडे गेला: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन. २४ एप्रिल १८९० च्या कामगारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. रविवारची सुट्टी त्याच वर्षी मिळाली. सही करणाऱ्याला जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, किती धास्ती वाटली असेल, त्या दोघी घरून निघताना काय म्हणाल्या असतील, हे कथाच सांगू शकते.

सहा तासिका पुरतात. दोन-तीन पानांचा उतारा आधी मोठ्याने वाचावा. मग वहीत दोन रकाने: ‘घडलेले’ आणि ‘रचलेले’. अर्जातील मागण्या त्यानंतरच द्याव्यात. आधी दिल्यास मुले कथेत फक्त उत्तरे शोधतात. चौथ्या तासिकेचा प्रश्न एकच: नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता? हा प्रश्न गाळला की चर्चा ‘बिचारे कामगार’ इथेच थांबते, आणि नुसत्या कणवेतून कोणी काही शिकत नाही.

सर्वांत मोठी चूक अभिनयात होते. जातीय अपमानाचा प्रसंग मुलांकडून कधीही वठवून घेऊ नये; ज्याच्या घरी तो अनुभव आजही ताजा आहे, त्याला वर्गासमोर पुन्हा तेच सोसावे लागते. सभा, सह्यांची मोहीम, वाटाघाटी जरूर वठवाव्यात. लोखंडे एकटेच नायक ठरू नयेत, म्हणून सही करणाऱ्याच्या तोंडून प्रसंग लिहायला द्यावा.

शेवटच्या दोन तासिका कृतीच्या. पोस्टर रंगवण्याऐवजी वस्तीतल्या एका प्रश्नावर, समजा सार्वजनिक नळावर, मुलांनी आठवडाभर पाण्याच्या वेळा टिपून पालिकेच्या विभाग कार्यालयाला निवेदन द्यावे. त्यात मागणी एकच आणि मोजता येईल अशी असावी. पोच घ्यायला बहुतेक जण विसरतात. शिक्क्याची प्रत वर्गात लावावी आणि स्मरणपत्राची तारीख तिथेच लिहावी. उत्तराला उशीर झाला की मुले खचतात, तेव्हा अर्ज आणि सुट्टी यांमधली सहा वर्षे फळ्यावर मांडावीत.