कोकणातील पर्यावरणभान आणि मतदान

निसर्ग आणि त्यावरची उपजीविका पुढच्या पिढीला उरावी, या लोकभावनेचा मतदानावर होणारा परिणाम हा इथला विषय. कोकण किनाऱ्यावर त्याचा शोध घेताना आधी शब्द बदलावे लागतात. 'शाश्वत विकास' हा शब्द इथल्या प्रचारात कोणी उच्चारत नाही. बोलले जाते ते आंबा-काजू, मासळी, सातबारा आणि प्रकल्पासाठीची जमीनमोजणी यांबद्दल. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरावर मते मागायला आलेल्या उमेदवाराला रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा पारंपरिक मच्छीमार, विचारतो, 'साहेबांनू, एलईडी बंद करतलास काय?' प्रखर दिव्यांनी मासळी ओढून घेणाऱ्या या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी प्रश्न दर निवडणुकीत तोच राहतो. समुद्रातला साठा संपू नये, हेच तो आपल्या भाषेत सांगत असतो.

या नात्याचे ठळक उदाहरण म्हणजे एन्रॉन. गुहागर तालुक्यातील या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा करून शिवसेना-भाजप युतीने १९९५ची विधानसभा निवडणूक लढवली आणि सत्ता मिळवली. त्या प्रचारात महाग विजेचा आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांचा वाटा मोठा होता. खाडी आणि मच्छीमार मागून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प उभा राहिला. मत देऊन प्रकल्प जात नाही, हा धडा बहुधा तेव्हाच गिरवला गेला. उलट त्याच सुमारास रत्नागिरीतून स्टरलाइटचा तांबे प्रकल्प हटला तो आंदोलनामुळे.

पुढे राजापूर तालुका या विषयाची प्रयोगशाळाच झाला. माडबन परिसरात ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुप्रकल्प, मग नाणारला वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची रिफायनरी, त्यानंतर त्या रिफायनरीसाठी पर्यायी जागा म्हणून बारसू. शिवसेनेने पहिल्या दोन्ही वेळा विरोधकांची बाजू घेतली. २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये राजापूरची विधानसभा जागा तिच्याकडेच राहिली. २०१४ला लोकसभेत विनायक राऊत जिंकले, त्याचे श्रेय अनेकांनी जैतापूरला दिले. ते पूर्ण पटत नाही. प्रकल्पाला पाठिंबा देणारा भाजप त्याच युतीत होता, देशभर मोदी लाट होती आणि नारायण राणे यांना असलेला विरोध हा सिंधुदुर्गातला स्वतंत्र घटक होता.

पर्यावरणभानाचा जोर दिसतो तो निकालाआधी. २०१९च्या लोकसभा निवडणुकीसाठी युती जुळताना नाणार हटवण्याची अट मान्य झाली आणि मार्चच्या सुरुवातीला, मतदानापूर्वीच, भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्यात आली. म्हणजे मत पडण्याआधी मताच्या भीतीने काम केले. बारसूबाबत मात्र मतदारापुढे निवडच धूसर होती. २०२२ मध्ये त्या जागेचे नाव उद्धव ठाकरे यांच्याच सरकारने केंद्राला सुचवले होते, आमदार राजन साळवी प्रकल्पाच्या बाजूने बोलले होते, आणि २०२४ मध्ये त्यांना हरवणारे किरण सामंत हे तेव्हाचे उद्योगमंत्री उदय सामंत यांचे बंधू. बारसूच्या सड्यावरची प्राचीन कातळशिल्पे वाचवायची म्हणून मत द्यायचे तरी कोणाला?

प्रश्न थेट विचारला की उत्तर वेगळे येते. सप्टेंबर २००८ मध्ये रायगडच्या पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाने महामुंबई सेझ या नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रावर जनमत घेतले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा कौल बहुतांशी विरोधात होता आणि प्रकल्प पुढे बारगळला. सिंधुदुर्गात २५ ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावीत असे ठराव केले, त्यांची नोंद माधव गाडगीळ समितीच्या अहवालात आहे. ग्रामसभेत विषय एकटा असतो. विधानसभेला त्याच्या शेजारी रस्ता, नळयोजना, जात, वाडीतले जुने भांडण आणि देवळाच्या सभामंडपात गावकीने ठरवलेला उमेदवार येऊन बसतात.

शिवाय चाकरमानी आहेतच. मोजणी रोखायला ते सुट्टी टाकून रातोरात गावी येतात, मुंबईत ग्रामस्थ मंडळाच्या बैठका घेतात, वर्गणी काढतात. पण त्यांतल्या अनेकांचे नाव मतदारयादीत असते ते विरार, दिवा नाहीतर लालबागला.